पाणी, ऊन आणि कॅरोलिना

पहाटे पावणेपाच

मागचे दार उघडण्याआधी मी मधल्या खोलीतल्या इन्क्युबेटरजवळ जाते. आकडा ३७.५ वर आहे, पंखा फिरतो आहे, पाण्याची वाटी भरलेली आहे. खालच्या कप्प्यात कॅरोलिना बदकांची अंडी आडवी ठेवली आहेत. त्यांना फिरवणे परवाच बंद केले आणि ओलावा सत्तरच्या पुढे नेला. काचेतून बॅटरीचा उजेड टाकला तर एका अंड्याच्या जाड टोकाशी कवच किंचित उचललेले दिसते, भोवती बारीक तडे गेलेत. टोच पडली.

चहाचे आधण ठेवता ठेवता सासूबाई विचारतात, "फुटलं काय वो?"

"नाही आई, आत्ता टोच पडली. उद्या सकाळपर्यंत तरी वाट पाहायची."

"मंग हात नको लावजो त्याले."

त्यांनी आयुष्यभर गावरान कोंबड्या रवणावर बसवल्या. त्यांची ही सूचना बदकालाही तंतोतंत लागू आहे. पिलू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालते, फुप्फुसाने श्वास घेऊ लागते, मग कवचाला टोच मारते. त्यानंतर दिवसभर, कधी दीड दिवस, ते नुसते पडून आहे असे वाटते. त्या वेळात कवचाच्या आतल्या पडद्यातले रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असते. त्याला सोडवायचे म्हणून कवच सोलले तर ओल्या रक्तवाहिन्या फाटतात आणि जगले असते ते पिलू हातात मरते. वहीत वेळ लिहिते आणि झाकण तसेच ठेवते.

आमचे घर पवनारच्या अलीकडे, वर्धा-नागपूर रस्त्यावरून आत. मागे परस, विहीर, दोन सिमेंटचे हौद, जाळीचे दोन मोठे पिंजरे. एकात कॅरोलिना, दुसऱ्यात कॉल डक. मार्च संपत आला आहे, चैत्राची पालवी फुटली आहे आणि पारा आताच चाळिशीला टेकतो आहे. कॅरोलिनाचा अंड्यांचा हंगाम आणि वर्ध्याचे ऊन एकाच वेळी चढत जातात. माझ्या कामाची सगळी वेळापत्रके या एका अडचणीतून निघाली आहेत.

सव्वासहा

हौदांची बुचे काढली. रात्रभराचे पाणी हिरवट-तपकिरी होऊन पाइपाने पपईच्या आळ्यात जाते, तिथून केळीत, शेवटी शेवग्याच्या बुंध्याशी. बदकाच्या विष्ठेत नत्र भरपूर असते, म्हणून पाळी पाळीने पाणी फिरवते. रोज एकाच झाडाला दिले तर त्याची मुळे जळतात. रिकामा हौद खराट्याने घासून, उन्हाचा पहिला पट्टा त्याच्या तळावर पडू द्यायचा आणि मग विहिरीचे ताजे पाणी सोडायचे.

बदकाला पाणी पोहण्यासाठी लागते अशी समजूत आहे. पोहणे त्याला आवडते, पण गरज आणखी मूलभूत आहे. डोळे आणि नाकपुड्या बुडतील एवढे खोल पाणी समोर नसेल तर त्याचे डोळे चिकटतात, नाकपुड्या दाण्याच्या पिठाने बुजतात. कोंबडीसाठी मिळणारे उथळ प्लास्टिकचे भांडे म्हणून बदकाच्या उपयोगाचे नाही. मी खोल घमेली वापरते आणि ती दाण्यापासून दोन पावले लांब ठेवते. अगदी शेजारी ठेवली तर दाणा तोंडात, तोंड पाण्यात, आणि तासाभरात घमेल्यात आंबील तयार होते.

परसात मोठे तळे खणा, दगड लावा, कमळे सोडा, असा सल्ला पाहुणे देतात. दिसायला ते सुंदर असेल. पण जे पाणी रोज पूर्ण उपसता येत नाही ते एप्रिल-मेमध्ये बदकाच्या जिवावर उठते. कोमट, साचलेल्या, कुजक्या पाण्यात बॉट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. पक्ष्याचे पाय आधी लुळे पडतात, मग पंख, मग मान. मान टाकलेले बदक पाण्यात असेल तर ते बुडूनच मरते. लहान हौद, रोज रिकामा: या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

कॉल डकच्या माद्यांनी तोवर गल्ली जागी केलेली असते. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो, चोच आखूड, गाल फुगीर, आणि आवाज एवढा की रस्त्यापलीकडे जातो. युरोपात, विशेषतः हॉलंडमध्ये, पारध्यांनी ही जात याच आवाजासाठी जोपासली. पाळलेल्या कॉलच्या ओरडण्याला भुलून रानबदके सापळ्याच्या तोंडाशी उतरत. शिकार गेली, आवाज राहिला. शेजारच्या काकूंना मी त्यांच्या आवाजाबद्दल पक्षी आणण्याआधीच सांगून ठेवले होते. शहरात दाटीच्या वस्तीत राहणाऱ्याने कॉल डकच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडेसात

दाणा. आपल्याकडे सगळे दुकान कोंबडीचे असते: खाद्य कोंबडीचे, औषध कोंबडीचे, सल्लाही कोंबडीचा. साहजिक आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात साडेतीन कोटींच्या आत बदके निघाली, आणि त्यांचा मोठा वाटा आसाम-बंगालकडचा. विदर्भात बदक म्हणजे कोणाच्या तरी तळ्यावरचे एखादे पांढरे पेकिन. त्यामुळे कोंबडीच्या पोत्यातून बदकाचे जेवण उभे करावे लागते.

पहिली गोष्ट नियासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. बदकाच्या पिलाला ते कोंबडीच्या पिलापेक्षा बरेच जास्त लागते. कमी पडले की सांधे सुजतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, आणि पिलू हौदापर्यंत चालू शकत नाही. म्हणून स्टार्टरच्या चुऱ्यात मी यीस्टची भुकटी रोज कालवते. मोठ्यांना लेयरचे खाद्य, थोडी ज्वारी, थोडी तांदळाची कणी, मागच्या टाक्यातला अझोला आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. अंडी घालणारी मादी चुरा हवा तेवढाच खाते, नराच्या पोटात उगाच जात नाही.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याची. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडे जिनिंग आहेत आणि सरकीची ढेप गोठ्यागोठ्यात असते. गाई-म्हशींना ती चालते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, ते पक्ष्याला मानवत नाही. अंड्याचा बलक हिरवट पडतो, उबवणीचा उतारा घसरतो. म्हणून आमच्या गोठ्यातली ढेप आणि बदकांचे पोते यांच्यामध्ये भिंत आहे, खरीखुरी भिंत.

तिसरी गोष्ट बुरशी, आणि तिच्याबद्दल मी सर्वांत कडक आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेत गेल्यावर कारण ब्राझीलमधून आलेल्या बुरशीच्या भुईमूग पेंडीत सापडले, आणि तिथून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. त्या विषाला बदकाचे पिलू इतके नाजूक असते की प्रयोगशाळांत पेंड तपासण्यासाठी बदकाची पिलेच वापरत. यकृत आधी जाते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मका फोडून मी हातावर घेते, नाकाशी नेते. कोंदट वास आला, दाण्याच्या खोबणीत हिरवी-काळी झाक दिसली, की ते पोते घरात येत नाही. "एवढ्यानं काय होते, कोंबड्याले तं चालते," असे दुकानदार म्हणतो. कोंबड्यांना चालत असेलही.

पावणेनऊ

मुलगा शाळेत, हे बँकेत. आता पेट्या.

कॅरोलिना मूळची उत्तर अमेरिकेतली. तिथे तिला वूड डक म्हणतात, कारण ती झाडाच्या ढोलीत अंडी घालते. नराचे डोके हिरवे-जांभळे, त्यावरून मागे गेलेली तुऱ्याची लव, गळ्याशी पांढऱ्या रेघा, छाती तांबूस आणि त्यावर बारीक ठिपके, डोळा लालबुंद. मादी राखी-तपकिरी, डोळ्याभोवती पांढरे कडे. लोक नराकडे पाहत उभे राहतात. मी मादीकडे बघायला शिकवते, कारण हंगाम तिच्यावर असतो. नराची ही ऐट पावसाळ्याच्या सुमारास गळून जाते, काही आठवडे तो मादीसारखाच दिसतो, आणि नवखा मालक "रंग उडाला, आजारी आहे" म्हणून फोन करतो. चोचीवरचा लाल रंग तेव्हाही ओळख देतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात अमेरिकेत संपत आली होती. पिसांसाठी आणि मांसासाठी बेसुमार शिकार, आणि ढोलीची जुनी झाडे तोडलेली. १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने शिकार थांबली, पुढे लोकांनी पाणथळ जागी हजारो लाकडी पेट्या लावल्या आणि कॅरोलिना परत आली. माझ्या पिंजऱ्यातल्या पेट्या त्याच मापावर बेतलेल्या: फळ्या रंधा न मारलेल्या, भोक चार इंचांचे, आत तळाशी लाकडाचा भुसा, आणि भोकापासून तळापर्यंत आतल्या बाजूला जाळीची पट्टी, पिलांना नखे रोवून वर चढता यावे म्हणून. गुळगुळीत फळीची देखणी पेटी म्हणजे पिलांसाठी विहीर.

मादी पहाटे एक अंडे घालते आणि भुशात बुजवून बाहेर येते. ती हौदावर असताना मी पेटीचे मागचे झाकण उघडते. आज भुशाखाली अंडे आहे, अजून ऊबदार, फिकट साईच्या रंगाचे. पेन्सिलीने तारीख आणि जोडीचे अक्षर लिहिते, त्याच्या जागी लाकडी अंडे ठेवते. पहिली फळी, म्हणजे पहिल्या खेपेची अंडी, काढून घेतली तर मादी पुन्हा अंड्यांवर येते. दुसऱ्या फळीवर तिला स्वतः बसू द्यायचे, असा माझा नेम. सगळी अंडी काढून घेत राहिले तर मादी झिजते, कवच पातळ होते. हौस करणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याची ही खोड जास्त.

अंडे काढण्याची घाई उन्हामुळे. थंड मुलखातले पुस्तक सांगते की अंडी आठवडाभर खोलीत ठेवा आणि मग एकदम उबवायला लावा. आमच्या खोलीत दुपारी ३५ अंश असतात. त्या उष्म्यात गर्भ अर्धवट जागा होतो, वेडावाकडा वाढतो आणि मरतो. म्हणून न्हाणीघराच्या गारव्यात मोठा माठ आहे, त्याच्या बाहेर ओल्या वाळूचा थर, आणि आत टोपलीत कोरडी अंडी, टोक खाली करून. वर्ध्याची कोरडी हवा वाळूतले पाणी ओढते आणि माठ गार राहतो. याला वीज लागत नाही, म्हणून तो फ्रिजपेक्षा माझ्या भरवशाचा.

साडेदहा

खिडकीला गोधडी लावून खोली अंधारी केली. वरच्या कप्प्यातली अंडी एकेक करून दिव्यावर धरायची. चांगल्या अंड्यात आठव्या दिवशी लाल शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो. कोरे अंडे नुसते पिवळे उजळते. रक्ताची गोल रेघ दिसली तर गर्भ गेलेला. ते अंडे लगेच बाहेर, कारण कुजून फुटले तर अख्खा कप्पा नासतो.

मग वजन. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळ्यात मोलाचे आहे. उबवणीच्या काळात अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून उडते. साधारण १४ टक्के वजन घटले पाहिजे. तेवढीच हवेची पोकळी तयार होते आणि तेवढ्यातच पिलू पहिला श्वास घेते. ४४ ग्रॅमचे कॅरोलिनाचे अंडे महिनाभरात सुमारे सहा ग्रॅमने हलके झाले पाहिजे. कमी घटले तर पिलू पाण्यातच गुदमरते, जास्त घटले तर ते पडद्याला चिकटते. मार्चमध्ये आमची हवा इतकी कोरडी असते की अंडे भराभर सुकते. खोलीत कूलर लावून, इन्क्युबेटरमध्ये दुसरी वाटी ठेवून मी ते आवरते. जुलैत नेमके उलटे, वाट्या काढून ठेवाव्या लागतात. यंत्रासोबत आलेल्या कागदावर ओलाव्याचा एकच आकडा छापलेला असतो. तराजू आमच्या गावची हवा ओळखतो, म्हणून मी तराजूचे ऐकते.

कॉलच्या अंड्यांवर वेगळी खूण. त्यांची चोच माणसाने निवडून निवडून एवढी आखूड केली आहे की काही पिलांना कवच कापताच येत नाही. म्हणून अंगाने अगदी बुटकी आणि चोचीने अगदी आखूड अशी मादी मी जोडीला लावत नाही. थोडी थोराड मादी, लहान नर. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळणार नाही. तिची पिले स्वतःच्या बळावर बाहेर येतात. डोक्यावर पिसांचा गोंडा असलेली तुऱ्याची बदके तर मी ठेवतच नाही. गोंडा देणारे जनुक आई-बाप दोघांकडून आले की गर्भ अंड्यातच मरतो, आणि एकाकडून आले तरी कवटीत दोष राहू शकतो. शोभेसाठी एवढी किंमत पक्ष्याने का द्यायची?

दुपार

साडेअकरा ते चार परसातले सगळे थांबते. पिंजऱ्यांवर हिरवी जाळी, पश्चिमेला वाळ्याच्या ताट्या, त्यांवर ठिबकची नळी. बदकाला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पाय पाण्यात ठेवणे एवढेच त्याच्या हाती. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतपा लागतो, तेव्हा मी दर तासाला बाहेर जाते. सध्या दोन फेऱ्या पुरतात. हौद सावलीतच हवा. उन्हात तापलेल्या हौदात बसून पक्षी आणखी तापतो.

फोन येतो. "मॅडम, रंगीत जोडी पाह्यजे होती. शेततळ्यात सोडून देतो, पाहुण्यायले दिसाले चांगलं."

मी विचारते, "वर जाळी आहे का भाऊ? रात्री बंद करायला जागा?"

"जाळी कायले? तळं तं मोठं आहे."

शेततळ्याला आत प्लास्टिक असते. त्याच्या उतारावर बदकाचा पाय टिकत नाही. मोठे कसेबसे उडून निघते, पिलू थकून बुडते. कॅरोलिना तर पहिल्याच दिवशी उडून जाईल. मी त्यांना म्हणते, आधी येऊन बघा, एक दिवस सकाळची कामे माझ्याबरोबर करा, मग बोलू. ते येतील असे वाटत नाही.

बाजारात शोभेची बदके "जोडी" म्हणून विकली जातात. पुष्कळदा ती जोडी एकाच फळीतली भाऊ-बहीण असते. एक उन्हाळा काढतात, अंडी घातली तर कोरी निघतात, पुढच्या उन्हाळ्यात नवी जोडी आणतात. हे पाळणे नव्हे. पक्षी आणून ठेवणे कोणालाही जमते. त्याची पुढची पिढी सुदृढ उभी करणे, आणि तिच्यानंतरची, यात पाळणाऱ्याची परीक्षा आहे.

आपल्याच देशात याचा एक दुःखद दाखला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या दलदलीत गुलाबी डोक्याचे बदक राहत असे. चॉकलेटी अंग, मान आणि डोके गडद गुलाबी. भारतात त्याची शेवटची खात्रीची नोंद १९३५ची, दरभंग्याकडची. शौकिनांनी ते इंग्लंडला नेले. सरे परगण्यात फॉक्सवॉरन पार्कला अल्फ्रेड एझ्रा यांच्या तळ्यावर ती बदके वर्षानुवर्षे जगली. पोसलेली, सुरक्षित, फोटो काढलेली. पण त्यांनी तिथे कधी पिले दिली नाहीत. त्यांना कसली दलदल, कसले गवत, कसला पाऊस हवा हे कोणाला उमगले नाही, आणि तो पक्षी दिसेनासा झाला. दुपारी ती जुनी छायाचित्रे पाहिली की मी वही पुन्हा काढते. कोणत्या मादीने कोणती पेटी निवडली, भोकाचे तोंड कुठल्या दिशेला, त्या आठवड्यात काय खाल्ले, हे सगळे लिहिते. साध्या, मुबलक कॅरोलिनाबद्दलही लिहिते. माहिती पक्षी मुबलक असतानाच गोळा करायची असते.

साडेचार

ब्रूडर, म्हणजे पिलांची उबदार पेटी. मागच्या आठवड्यात फुटलेली कॅरोलिनाची पिले त्यात आहेत, वर जाळीचे झाकण आणि झाकणावर वीट. ही पिले रानात फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या हाकेसरशी उंच ढोलीतून खाली उडी घेतात. ती ओढ ब्रूडरमध्येही सुटत नाही. नखे रोवून कोपरा चढतात आणि टणकन उडतात. झाकण विसरले तर खोलीभर शोधावे लागते.

त्यांना खायला शिकवणे हे खरे कसब. कोंबडीची पिले टकटक आवाजाला दाणा टिपतात. कॅरोलिनाचे पिलू घाबरून कोपऱ्यात दाटीने बसते आणि भरल्या ताटापाशी उपाशी मरते. म्हणून मी त्यांच्यात दोन-तीन दिवसांनी मोठे असे कॉलचे एक पिलू सोडते. ते धीट, खादाड. ते पाण्यात चोच बुडवते, चुऱ्यात खुपसते, आणि त्याच्या चोचीला चिकटलेले कण बाकीची पिले टिपू लागतात. अझोल्याची पाने पाण्यावर हलतात, त्यांवरही ती झडप घालतात. हलणारी वस्तू म्हणजे अन्न, एवढे त्यांना उपजत कळते.

दिवसा दिवा बंद, रात्री चालू. वर्ध्याच्या मार्चमध्ये दुपारची हवाच ब्रूडरइतकी गरम असते. पिले दिव्याखाली गोळा झाली तर गारठा, कडेला पसरून चोच उघडली तर उष्मा. आंघोळीला बशीभर पाणी, तळाशी खडे. आईच्या पोटाखाली वाढलेल्या पिलाच्या लवेला आईच्या पिसांचे तेल लागते. यंत्रातल्या पिलाला ते नसते, ते भिजते आणि काकडते.

सहा

पायातल्या चपला बदलून धाम नदीच्या काठी जाते. परसातल्या चपला फाटकाबाहेर जात नाहीत, बाहेरच्या आत येत नाहीत. डोहावर हळदीकुंकू बदके असतात, कधी अडया शीळ घालत वरून जातात. थंडीत चक्रवाक असतात, ते आता परतले.

ही बदके माझ्या पिंजऱ्यातल्या कोणत्याही पक्ष्याहून मला कमी सुंदर वाटत नाहीत. ती पाळायची नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना, त्यांच्या अंड्यांना हात लावता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी लावला नसता. पावसाळ्यात कोणी धुऱ्यावर सापडलेली अडईची पिले टोपलीत घेऊन येतो, "तुमच्याकडे आहेत न बदकं, यायले बी ठेवा." आई जवळपास असेल तर पिले तिथेच परत नेऊन ठेवायला सांगते, नाहीतर वनविभागाला कळवते किंवा पिपरी (मेघे)च्या करुणाश्रम या प्राणी-आश्रयस्थानाचा रस्ता दाखवते. मँडरीन मी घेतली नाही तीही याच विचाराने. ती चीन-जपानकडची म्हणून ओळखली जाते खरी, पण २०२१मध्ये आसामात मागुरी बील या पाणथळ जागी एक नर उतरला होता. ती भारताच्या पक्षीसूचीत आहे. जे आपल्या रानात येते त्याला माझ्या परसात जागा नाही.

उलट दिशेनेही तेच. माझे एकही बदक धामवर जाता कामा नये. कॉल, पेकिन, खाकी कॅम्पबेल ही सगळी मूळची मॅलार्ड या रानबदकाची लेकरे, आणि मॅलार्डचे रक्त हळदीकुंकू बदकात सहज मिसळते. हौस संपली म्हणून नदीवर सोडलेला एक पांढरा नर पुढच्या पिढ्यांचा रंग बिघडवू शकतो. शिवाय रोग. २००६ साली नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ निघाली; २०२४च्या डिसेंबरात तर नागपूरला गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात वाघ आणि बिबट्या त्याने गेले. बदकाच्या अंगात हा विषाणू काहीही न दाखवता राहू शकतो. साथ निघाली तर भोवतीच्या एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी मारावे लागतात, त्यात शेजारच्या काकूंच्या चार कोंबड्याही आल्या. माझ्या चपला त्यांच्या कोंबड्यांसाठीही बदलायच्या असतात.

सव्वासात

मोजणी करून आत घेणे. मुंगूस, रानमांजर, धामण, घोरपड, सगळ्यांची भीती असते. पिंजऱ्याची जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी कोंबडीजाळीतून मुंगसाचे डोके जाते. जाळी जमिनीत फूटभर पुरली आहे आणि तिथून बाहेरच्या बाजूला आडवी वळवली आहे, म्हणजे उकरणारा जाळीवरच उकरत राहतो. मुलगा बॅटरी घेऊन कडेने फिरतो आणि माती कुठे ताजी उकरलेली आहे का ते सांगतो. त्याची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. आज पूर्वेच्या कोपऱ्यात ओरखडे आहेत. दोन विटा आणि उद्या सिमेंट.

रात्री दहा

जेवणे झाली. वीज तासभर गेली होती, इन्व्हर्टर चालला. टोच पडलेल्या अंड्यातून आता चिवचिव ऐकू येते, आणि तड्याची रेघ बोटभर सरकली आहे, म्हणजे पिलू आत फिरून टोपण कापू लागले. दुसऱ्या दोन अंड्यांना टोच पडली. रात्री दोनला हे उठणार आहेत; काचेतून पाहायचे, झाकण उघडायचे नाही, असे सासूबाईंनी त्यांनाही बजावले आहे.

मग अमरावतीकडच्या एका बाईंचा फोन. त्यांच्याकडची कॅरोलिना वेगळ्या फळीतली, माझ्या पक्ष्यांशी नाते नसलेली. त्यांचा पायात निळी कडी असलेला नर माझ्याकडे, माझा मागच्या वर्षीचा नर त्यांच्याकडे. येत्या शनिवारी ठरले. दिवसा उन्हात नाही, रात्री नऊनंतर निघायचे. एका पेटीत एकच पक्षी, खाली भुसा, पाण्याच्या भांड्याऐवजी काकडीचे तुकडे, भोके वरच्या बाजूला. आल्यावर तीन आठवडे तो गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत एकटा राहील, त्याचे घमेले वेगळे, खराटा वेगळा. घमेले घरात आहे. खराटा उद्या सेलूच्या बाजारातून आणायचा आहे, आणि सिमेंटही.